डाळ मिलसाठी भागीदार निवडताना



तूर आपण पिकवतो आणि डाळ किराणा दुकानातून आणतो, ही गोष्ट नांदेड-लातूरकडील पुष्कळ घरांत आजही खरी आहे. त्यामुळे गावातच लहान डाळ मिल काढावी, असा विचार अनेक तरुण शेतकरी बोलून दाखवतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने विकसित केलेली मिनी डाळ मिल आपल्यापैकी काहींनी पाहिली असेल. यंत्र कोणते घ्यावे, जागा किती लागेल, वीजजोडणी कोणती, हे सारे विचारले जाते. सोबत कोणाला घ्यावे, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आज मी त्याविषयीच बोलणार आहे.

प्रथम भागीदार लागतो की नाही, ते पाहावे. गावकऱ्यांची तूर मजुरी घेऊन भरडून द्यायची असेल तर घरची दोन-तीन माणसे पुरतात. तूर विकत घेऊन डाळ विकायची म्हटली की हिशेब बदलतो. समजा, 7,000 रुपये दराने 100 क्विंटल तूर घेतली, तर 7 लाख रुपये गुंतले. लहान मिलमध्ये क्विंटलमागे साधारणपणे 70 ते 75 किलो डाळ मिळते. बाकी चुनी, कणी आणि टरफल. तेल-पाणी लावून उन्हात वाळवण्यात दिवस जातात. दुकानदार माल नेतो, पण पैसे महिन्याने देतो. तोवर पुढच्या 100 क्विंटलसाठी पुन्हा 7 लाख हवेत. तूर तर हंगामातच स्वस्त मिळते. म्हणजे यंत्रापेक्षा खेळते भांडवल मोठे ठरते.

म्हणून माणूस पैसेवाला भागीदार शोधू लागतो. माझ्या मते येथेच गल्लत होते. पैसा बँकही देते. रोज मिलवर उभा राहणारा, रोलरचा आवाज बदलला की ओळखणारा माणूस बँक देत नाही. दहा दुकाने फिरून डाळ विकणारा तर नाहीच नाही. आपल्याजवळ यांपैकी काय आहे आणि काय नाही, हे आधी कागदावर मांडावे. दोघेही उत्तम शेतकरी आणि दोघांनाही विक्रीचा कंटाळा, अशी जोडी जमली तर डाळीची पोती मिलमध्येच राहतात.

लोखंडी नांगरामुळे किर्लोस्करांचे नाव आपल्याला घरचे वाटते. लक्ष्मणराव मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवत असताना तेथून सायकली घेऊन बेळगावला पाठवीत आणि त्यांचे बंधू रामुअण्णा त्या विकत. 1888 साली सुरू झालेल्या त्या दुकानात दोघांची कामे वेगळी होती. पुढे 1910 साली किर्लोस्करवाडी वसवताना यंत्राची बाजू शंभोराव जांभेकरांकडे, हिशेबाची मंगेशराव रेग्यांकडे आणि वसाहतीची रामुअण्णांकडे होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागल्याचे सांगतात. लोखंडाने जमीन नासते, अशी त्या काळी समजूत होती. एवढा काळ थांबायचे, तर सोबतचा माणूस तसाच हवा.

असा माणूस कोठे मिळेल? गावाच्या चावडीपेक्षा बाजार समितीच्या आवारात शोधणे मला जास्त योग्य वाटते. आडतीवर पंधरा वर्षे खरेदी-विक्री पाहिलेला मुनीम, तालुक्याचा किराणा दुकानदार, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मेकॅनिक, किंवा पापड-मसाल्याची विक्री करून बाजार ओळखलेला महिला बचत गट. भाऊबंदांपैकी कोणी घेऊ नये, असे मी म्हणणार नाही. वरचे उदाहरण भावांचेच आहे. मात्र ज्या भावकीत बांधाचा वाद चालू आहे, तेथे मिलचा बांध घालू नये.

माळेगावच्या यात्रेत लाल कंधारी किंवा देवणी गोऱ्हा घेताना आपण दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. भागीदाराला मात्र एका चहावर होकार देतो. त्याऐवजी एक हंगाम चालवून पाहावे. दोघांनी मिळून 10 क्विंटल तूर घ्यावी, दुसऱ्याच्या मिलमध्ये मजुरी देऊन भरडून आणावी, एक-एक किलोच्या पिशव्या भरून आठवडी बाजारात विकावी. यात नफा फारसा होणार नाही. पण तो त्याच संध्याकाळी हिशेब लिहितो की उद्यावर टाकतो, भाव उतरल्यावर चिडतो की मार्ग काढतो, उधारी मागायला जातो की तुम्हाला पाठवतो, हे कळेल. त्याची सोसायटीची व बँकेची कर्जे किती आहेत, हेही विचारावे. आपली कागदपत्रे आधी त्याच्यापुढे ठेवली की विचारणे अवघड जात नाही.

आता कायद्याकडे वळू. भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. त्यानुसार संस्थेच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. भागीदाराने मिलच्या नावे व्यवहारात उधारी केली आणि तो फेडू शकला नाही, तर सावकार तुमच्याकडून संपूर्ण रक्कम मागू शकतो. तुमचा वाटा चार आणे होता, हे त्याला ऐकावे लागत नाही. सातबाऱ्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते ती अशी. ही भीती वाटत असेल तर 2008 च्या कायद्याप्रमाणे मर्यादित दायित्व भागीदारी करता येते. तिचे वार्षिक कागद मात्र वेळेवर भरावे लागतात. दहा किंवा अधिक उत्पादक एकत्र येत असतील तर उत्पादक कंपनी हा वेगळा मार्ग आहे.

लेखी करार नसेल तर काय होते, तेही ऐका. तुम्ही 4 लाख आणि त्याने 1 लाख घातले तरी नफा-तोटा समान वाटला जातो. तुम्ही रोज मिलवर राबलात तरी पगार मागता येत नाही. भांडवलावर जास्तीची रक्कम दिली, तर तिच्यावर 6 टक्के व्याज मिळते, बस. म्हणून करारपत्र करावे आणि ते भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदवावे. नोंदणी नसलेल्या संस्थेला दुकानदाराकडील उधारीसाठी दावा लावता येत नाही.

करारपत्र छापील नमुन्यावरून उतरवू नये. आपल्या धंद्यातले तंटे छापील नमुन्यात नसतात. उदाहरणार्थ, भागीदाराची स्वतःची तूर मिलमध्ये आली तर कोणत्या दराने? माझे मत असे की त्या दिवशीचा बाजार समितीचा दर, ओलावा मोजून आणि वजनाची पावती करून. घरी खायला नेलेली डाळ आणि जनावरांना नेलेली चुनीसुद्धा वहीत यावी. बहुतेक भांडणे लाखांवरून होत नाहीत, चुनीच्या पोत्यांवरून होतात.

वाईट वर्षाचे बोलणे चांगल्या वर्षीच करावे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तशा वर्षी मिलला तूर कोठून येणार? हप्ता तर थांबत नाही. त्या वेळी कोणी किती रक्कम घालायची, की मिल बंद ठेवून हरभऱ्याची वाट पाहायची, ते लिहून ठेवावे. ही बोलणी घरातल्या बायांसमोर व्हावीत. मोडायचे दागिने त्यांचे असतात.

अनुदानासाठी म्हणून नावापुरता भागीदार घेऊ नये. 2020 साली सुरू झालेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाखांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदान ठेवले होते. नावापुरत्या भागीदाराचीही देण्याची जबाबदारी मात्र पुरी असते.

वेगळे होण्याचे कलमही सुरुवातीलाच लिहावे. यंत्राची किंमत कोणी ठरवायची, जागा एकाची असेल तर शेडचे काय, उधारी कोणी वसूल करायची. भागीदार दोघेच असतील तर एकाच्या मृत्यूने संस्था संपते. वारसांना किती दिवसांत किती द्यायचे, ते आधी ठरलेले असावे. बाहेर पडणाऱ्याने जाहीर सूचना द्यावी, नाहीतर नंतरच्या व्यवहारांची जबाबदारीही त्याच्यावर येऊ शकते.

हा मसुदा दिवाळीच्या सुमारास तयार असावा. नोंदणी, वीजजोडणी, अन्न परवाना यांना वेळ लागतो, आणि जानेवारीत तूर खळ्यावर आली की कागद वाचायला कोणालाच सवड राहत नाही.