तुमचं बी बिऱ्हाड हालतं का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'सहकार' हा शब्द आमच्या आंबेगाव तालुक्याला नवा नाही. दूध संस्था सहकारी, पतपेढी सहकारी, पारगावचा भीमाशंकर साखर कारखानाही सहकारी. पण गेल्या दिवाळीच्या सुमारास चार घरांतले आईवडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आम्ही मुलांचं शिक्षण सहकारानं करतो आहोत." मी विचारलं, "मग चेअरमन कोण?" ते हसले. चेअरमन नव्हता, आणि मला तेवढ्यानंच त्यांच्याविषयी बरं वाटलं.

ही मंडळी पुण्याहून येऊन आमच्या महाळुंगे पडवळच्या शिवारात घरं बांधून राहिलेली. चार घरांत मिळून सात मुलं, सहा ते तेरा वयाची. त्यांना शाळेत घालायचं नाही असं आईबापांनी ठरवलेलं. गणित एका घरी, विज्ञान दुसऱ्या घरी, इंग्रजी तिसऱ्या. उरलं ते 'क्रिएटिव्ह'. गावात कवी म्हणून माझी जी थोडीबहुत बदनामी आहे, तिच्यामुळं ते माझ्या वाट्याला आलं.

हे कायद्यात बसतं का, असं गावात पुष्कळांनी विचारलं. २००९चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शाळेविषयी बोलतो. घरी शिकण्याविषयी त्यात स्पष्ट काही नाही. पुढं दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरता येतो, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. तेवढी वाट उघडी आहे, आणि त्या वाटेनं महाराष्ट्रातली बरीच मुलं गेली आहेत.

पालकांनी एक वेळापत्रक आणलं होतं. सोमवारी मातीकाम, बुधवारी नाट्य, शुक्रवारी लेखन. कागद परदेशी नमुन्यावरून केलेला होता, हे त्यातल्या पानगळीच्या चित्रावरून कळत होतं. आमच्याकडं त्या दिवसांत पानगळ नसते, ऊसतोड असते. मी म्हटलं, वर्ग घेईन, पण हा कागद मला चार दिवस द्या. आधी मला शिवार बघून येऊ द्या.

शिवार मी जन्मभर पाहतोच आहे. पण वर्ग ठरवायचा म्हणून पाहिलं की वेगळं दिसतं. एका बंगल्याच्या मागं, दोन बांध ओलांडले की, ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या. बीडकडची टोळी. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' अशी यांची मोजदाद होते आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल असते. माणसं पहाटे अंधारात फडात जातात. मागं राहतात ती पोरं. आठ-दहा वर्षांची मुलगी, तिच्या कडेवर वर्षाचं भावंडं. गावी हंगामी वसतिगृह असतं, पण ज्यांच्या घरी मागं राहायला आजीआजोबा नसतात आणि तान्हं सांभाळायला दुसरं कुणी नसतं, त्यांची मुलं कोयत्याबरोबर येतात. सरकारी कागदात त्यांना 'शाळाबाह्य' म्हणतात.

मग माझ्या मनात असं आलं की शाळाबाह्य तर ही बंगल्यातली सातही आहेत. त्यांना मात्र तो शब्द कुणी लावत नाही. त्यांच्याबद्दल कौतुकानं 'प्रयोग' म्हणतात. दोन बांधांच्या अंतरात एकाच गोष्टीला दोन नावं. मी पालकांना सांगितलं, वर्ग घ्यायचा तर दोघांचा एकत्र घेईन.

हे काही माझ्या डोक्यातून उगवलेलं नाही. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ठाणे जिल्ह्यात बोर्डीला गेल्या, पुढं १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर. तिथल्या आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येत ना, कारण कुणाच्या कडेवर तान्हं, कुणाच्या हाती गुरांची दोरी. तेव्हा या बायकांनी शाळाच हलवली. पाड्याच्या अंगणात भरणारी ती अंगणवाडी. गुरं चरतात तिथं, कुरणात भरणारी ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एकाच आवारात, म्हणजे ताईला भावंडं घेऊनच येता यावं. माँटेसोरीची महागडी साधनं नव्हती, तर बिया, खडे, शिंपले घेतले. आज अंगणवाडी म्हटलं की आपल्याला सरकारी खोली आणि वजनकाटा आठवतो. मूळ शब्दातलं अंगण आपण विसरलो आहोत.

तर माझ्या वर्गाची आखणी त्या कडेवरच्या पोरापासून सुरू झाली. जागा बंगल्यात नको, कारण फाटक पाहून कोपीतली पोरं आत येणार नाहीत. बांधावरची चिंच ठरली. वेळ संध्याकाळची नको, कारण आमच्याकडं उसात बिबट्या असतो. जुन्नर वनविभागात राहणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. शनिवारी सकाळी दहा ते बारा. तान्ह्यांसाठी चिंचेच्या फांदीला झोळी. आणि सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे टोळी कधी उठेल याचा नेम नाही. फड संपला की रातोरात बिऱ्हाड दुसऱ्या गावी. म्हणून 'पुढच्या शनिवारी उरलेलं करू' हे वाक्य आखणीतून काढून टाकलं. गोष्ट सुरू केली तर त्याच दिवशी संपली पाहिजे, मातीचं भांडं घडवलं तर त्याच दिवशी हातात पडलं पाहिजे.

साहित्याचा खर्च जवळजवळ नव्हता. पाचटाच्या दोऱ्या वळता येतात, चिपाडाच्या गाड्या होतात, चुलीतला कोळसा चित्राला चालतो. गाड्या झाल्या तशा पोरांनी आपणहून शर्यतीचा घाट केला. २०२१च्या डिसेंबरात न्यायालयानं परवानगी दिल्यापासून आमच्याकडं बैलगाडा पुन्हा सुरू आहे. घाटाच्या कडेला माईकवर बोलणारा निवेदक ही माझ्या मते या भागातली सर्वांत जिवंत काव्यशाळा आहे. 'भिर्रर्र' झाली की काही क्षणांत मालकाचं नाव, बैलाचं नाव, गावाचं नाव तालात बसवायचं असतं. बंगल्यातला एक मुलगा घरी चार वाक्यं बोलायला लाजायचा. चिपाडाच्या बैलांमागं त्यानं असं निवेदन केलं की फडातल्या बाया कोयते थांबवून ऐकत राहिल्या.

एका शनिवारी मी म्हटलं, आपापल्या घरातल्या दाराचा आवाज सांगा. एकानं कडीचा सांगितला, एकानं बिजागरीचा. टोळीतली मुलगी म्हणाली, "आमच्या कोपीला दारच न्हाई." मी गप्प राहिलो. तीच थोड्या वेळानं म्हणाली, "पण वाऱ्यानं मेणकापड वाजतं. त्यो कुणीतरी आल्यावानी वाजतो आन् कुणीच येत न्हाई." एवढ्या वर्षांत मी किती कवितेच्या कार्यशाळा घेतल्या असतील, तिथं असं वाक्य क्वचित हाती लागतं.

कोडी रचायचा दिवस सर्वांत रंगला. त्यांच्याकडं कोड्याला हुमाण म्हणतात. मुकादमाचा पोरगा म्हणाला, "दिसभर ऊस खातंय, पोट रिकामंच, रातच्याला पाचटाखाली निजतंय." उत्तर कोयता. बंगल्यातल्या मुलीचं कोडं असं: "डोळा मिचकावला तर आई खूश, डोळा मिटला तर बाबा रागावतात." टोळीतलं एकही पोर ओळखू शकलं नाही. इंटरनेटची पेटी होती ती. मग पेटी पाहायला सगळी वरात बंगल्यात गेली आणि कोयता पाहायला तीच वरात कोपीवर.

आमच्या गावच्या हुतात्म्यावाचून हा वर्ग पुरा झाला नसता. बाबू गेनू सैद याच गावचे. मुंबईत गिरणीत काम करत होते आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात परदेशी कापडाच्या ट्रकपुढं आडवे होऊन त्यांनी प्राण दिले. धडा सगळ्यांना ठाऊक असतो. मी एवढंच विचारलं की त्या ट्रकच्या मागं अडकलेला भाजीवाला घरी जाऊन काय सांगेल? लिहिता येणाऱ्यांनी लिहिलं, न येणाऱ्यांनी सांगितलं आणि लिहिणाऱ्यांनी उतरून घेतलं. पण या पोरांना आधी हवं होतं ते वेगळंच: "गाव सोडून मुंबईला का गेले?" हा प्रश्न टोळीच्या बाजूनं आला. पोट भरायला, म्हटलं. "म्हंजी आमच्यावानीच."

तक्रारी आल्या. एका आईला काळजी होती की मुलांची भाषा बिघडेल. मी म्हटलं, बाई, माझ्या घरात दखनी, गल्लीत मराठी. आयुष्यभर लोक मला म्हणत आले आहेत, 'तुमचं मराठी चांगलं आहे हो,' आणि ते म्हणताना थोडं आश्चर्य करतात. जेजुरीचा सगनभाऊ शिकलगार होता, मुसलमान होता, आणि त्याच्या लावण्या-पोवाड्यांवाचून शाहिरीचा इतिहास लिहिता येत नाही. भाषा बिघडत नाही, तिला सोयरीक जोडते. बाईंना हे पटलं असं नाही. दुसऱ्या एका वडिलांना फोटो हवे होते, मुलाच्या कामाची नोंद ठेवायला. मी कोप्यांकडं फोन रोखू दिला नाही. आपल्या मुलाच्या वहीत दुसऱ्याच्या पोराची गरिबी चिकटवायची नसते. त्यावर ते नाराज झाले. चारांतली दोन घरं वर्गातून बाहेर पडली.

टोळीच्या बाजूनंही सगळं गोड नव्हतं. एक बाप म्हणाला, "मास्तर, कोडी शिकून उचल फिटती व्हय?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना चिंचेखाली घेऊन आलो. माझे दोन तास म्हणजे शाळा नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यांनी चार मुलांची नावं दाखल करून घेतली. जाताना सोबत शिक्षण हमी पत्रक द्यायचं, म्हणजे पुढच्या गावच्या शाळेनं 'दाखला आणा' म्हणून परत पाठवू नये.

दाखल झालेल्यांत ती दार नसलेल्या घराची मुलगी होती. तिनं एकदा वर्गात बंगल्यातल्या तेरा वर्षांच्या मुलाला सरळ विचारलं, "तुमी साळंत का जात न्हाई? तुमचं बी बिऱ्हाड हालतं का?" मुलगा गोंधळला. आईकडं पाहू लागला, पण आई तिथं नव्हती. त्या दिवशी तो काही बोलला नाही. पुढच्या शनिवारी आल्या आल्या त्यानं तिला सांगितलं, "हलत नाही. मला शाळेत भीती वाटायची, म्हणून काढलं." ती झोळी हलवत होती. म्हणाली, "मला बी वाटती. दरसाली गुर्जी बदलत्यात ना."

दोघंही मग पाचट वळायला लागले.

मार्चमध्ये फड संपला. एका सकाळी चिंचेखाली गेलो तर कोप्यांच्या जागी नुसते चुलीचे दगड होते. झोळी सोडवून, घडी करून कुणीतरी बुंध्याशी ठेवली होती. यंदा ती टोळी दुसऱ्या कारखान्याकडं गेली असं मुकादमाकडून कळलं. दुसरी आली आहे, नऊ मुलं, त्यातली तिघं कडेवरची. झोळ्या आता तीन लागतील. त्या बांधायला तो तेरा वर्षांचा, आता चौदाचा, मुलगा शुक्रवारी संध्याकाळी, अंधार पडायच्या आत, येणार आहे.