धूर सोडणारा डबा

वसई-विरारच्या गावांतून आमच्या बचत गटांच्या बैठका होतात, तिथे परवा गोठ्याचा विषय निघाला. आमच्यातल्या एका ताईंनी कर्ज काढून गाय घेतली. ती तीनदा भरवली, तिन्ही वेळा उलटली. दर खेपेला एकवीस दिवस वाया, हप्ता मात्र थांबत नाही. मग आम्ही ठरवलं, रेतनाच्या कांड्या ज्या डब्यातून निघतात तो डबाच समजून घ्यायचा.

त्यातून निघतो तो धूर नव्हे, गारठून दिसू लागलेली हवेतली वाफ. आत असतो द्रव नायट्रोजन, उणे १९६ अंशांचा. आपल्या हवेत शंभरातले ७८ भाग हाच वायू. डब्याला थर्माससारख्या दोन भिंती, मधली हवा काढलेली.

याच द्रवाचा आणखी एक उपयोग वाचनात आला. इंदूरला इंडस-२ नावाचं यंत्र आहे. १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन फिरवून त्यातून प्रखर क्ष-किरण मिळवतात. अशा किरणांतला हवा तेवढाच भाग निवडायला सिलिकॉनचा स्फटिक लावतात. किरण पडतात तिथे तो तापतो, बारीकसा फुगवटा येतो आणि किरण भलतीकडे जातात. आपला तवा मध्येच तापून फुगला की भाकरी सगळीकडे सारखी भाजत नाही, तसंच.

यावर फ्रान्समधल्या ग्रेनोबलसारख्या ठिकाणी, जिथे किरण फारच प्रखर असतात, द्रव नायट्रोजनने स्फटिक गार करतात. सिलिकॉनची गंमत अशी, की उणे १४८ अंशांच्या आसपास तो थोडा तापला तरी जवळजवळ फुगतच नाही. शिवाय थंडीत उष्णता कितीतरी पटींनी भराभर वाहून नेतो. पण द्रव त्याच्यावर ओतत नाहीत. तांब्याच्या ठोकळ्यांतून तो फिरवतात आणि स्फटिक त्यांच्यामध्ये धरतात. फार आवळला तर स्फटिक वाकतो, सैल ठेवला तर गारवा पोचत नाही. म्हणून मध्ये इंडियम या मऊ धातूचा पत्रा घालतात. द्रव नळीत उकळून बुडबुडे झाले, तर त्यांच्या थरथरीनेही किरण हलतो. आम्हाला तर हे शिवणयंत्राच्या दोऱ्याच्या ताणासारखंच वाटलं.

कांडीचंही थंडीशी असंच नाजूक नातं. सुमारे उणे १३० च्या वर ती आली, की आतले बर्फाचे कण वाढू लागतात आणि बीज मरतं. नंतर पुन्हा बुडवून ते जिवंत होत नाही. म्हणून कांड्यांचा डबू डब्याच्या गळ्यापेक्षा वर काढायचा नाही, कांडी चिमट्याने चटकन उचलायची. मग ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून कोरडी पुसायची आणि लगेच वापरायची. खिशात किंवा तळहातात चोळून वितळवू नये. पाण्याला थर्मामीटर लावलाय का, हे विचारायला लाजू नका. आणि माज सकाळी दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी.

अर्थात गाय उलटण्याला गर्भाशयाचा आजार, खुराकातली कमतरता अशीही कारणं असतात. त्या ताई आता गाय तपासून घेणार आहेत.

डबा बंद खोलीत ठेवू नका. नायट्रोजन साठला की श्वासाला प्राणवायू कमी पडतो, आणि त्याला वासही नसतो.