जुनेर कुणाच्या अंगावर?

(सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त ३ जानेवारी रोजी परभणी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषण)

आज सावित्रीबाईंची जयंती. या दिवशी शिक्षणावर बोलायची रीत आहे. मी मात्र आज कपड्यांवर बोलणार आहे, तेही जुन्या कपड्यांवर. विषय सांगितला तेव्हा पुढच्या दोघीतिघी हसल्या. पण आपण सावित्रीबाईंची गोष्ट सांगतो तेव्हा त्यात लुगडं येतंच. शाळेच्या वाटेवर अंगावर शेणमाती पडायची, म्हणून त्या सोबत दुसरं लुगडं नेत आणि शाळेत गेल्यावर बदलत. बाईच्या अंगावर काय आहे, ते तिला कुणी दिलं आणि बदलायला दुसरं तिच्याजवळ आहे की नाही, हा हक्काचा प्रश्न आहे, असं मला वाटतं.

आज सकाळी इथं येताना तुम्ही सगळ्या पदर कानावरून ओढून, हात काखेत घालून आलात. परभणीचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पण आपल्याकडची थंडीही काही कमी नाही. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथल्या कृषी विद्यापीठात पारा दोन-तीन अंशांपर्यंत खाली आला होता. पेपरात दुसऱ्या दिवशी शेकोटीचे फोटो आले. शेकोटीभोवती सगळे पुरुष होते. त्या वेळी बाया कुठं होत्या? त्या पाणी भरत होत्या, भांडी घासत होत्या, शेण काढत होत्या. थंडीत पहाटे गार पाण्यात हात घालायचं काम बाईचं, आणि शेकायची जागा मात्र दुसऱ्याची.

गेल्या दोन हिवाळ्यांत आमच्या गटांच्या बैठकांत मी बायांना एक साधी गोष्ट विचारत आले. घरातली पांघरुणं मोजा, आणि रात्री कोणतं पांघरूण कुणाच्या अंगावर असतं ते सांगा. विकत आणलेलं जाड ब्लँकेट घरधन्याच्या किंवा सासऱ्याच्या अंगावर. त्याच्या खालचं मुलांना. स्वेटर आधी मुलाला, कारण तो शाळेत जातो. शाळेत मुलगीही जाते, पण तिला भावाचा आखूड झालेला स्वेटर. आणि बाईला? जुनेर. दोन साड्या एकावर एक घेऊन पाय पोटाशी. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण आपण मुलींना फार लवकर शिकवतो. अंथरूण कुणी वाटलं, हे विचारायला मात्र शिकवत नाही.

हा आपला जिल्हा कापसाचा आहे. मानवत, सेलू, जिंतूरच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. तो कापूस वेचतं कोण? बाया. दव पडलेल्या पऱ्हाटीत पहाटे शिरायचं, बोंडाची टोकं बोटांत रुततात. त्या वेळी साडीवर काय घालता? सगळ्यांना माहीत आहे, नवऱ्याचा किंवा लेकाचा जुना फुलबाह्यांचा शर्ट. कापूस वेचणाऱ्या बाईच्या घरात कापूस भरलेली रजई बहुधा नसते. तिच्या घरात असते ती वाकळ.

वाकळीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. जुनी लुगडी, धोतरं, परकर धुऊन, उसवून, थरावर थर अंथरायचे. वर त्यातल्या त्यात चांगलं लुगडं घ्यायचं, कडेला काठ लावायचा आणि कडेपासून आतल्या बाजूला धावदोरा घालत जायचं. एक वाकळ दुपारच्या सवडीने शिवायची तर कित्येक दिवस जातात. मान धरते, बोटांना सुया टोचतात. त्याला आपण काम म्हणत नाही. ‘बसल्या बसल्या शिवली’ असं म्हणतो. शहरातल्या प्रदर्शनात हीच वस्तू ‘हाताने शिवलेली गोधडी’ म्हणून काही हजारांना विकली जाते, तेव्हा ते काम होतं. मात्र त्या हजारांतले शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडले, ते पाटीवर लिहिलेलं नसतं.

वाकळ म्हटलं की मला आपल्या गंगाखेडची जनाबाई आठवते. तिची कथा तुम्ही कीर्तनात ऐकली आहे. विठ्ठल रात्री जनीकडे आला, पहाटे घाईने परत गेला, जाताना आपलं पदक तिथंच विसरला आणि जनीची वाकळ पांघरून गेला. सकाळी देवळात पदक दिसेना. चोरीचा आळ आला दासीवर. तिला सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं, असं कथा सांगते. मी लहानपणी ही कथा चमत्कारासाठी ऐकली. आता ऐकताना वेगळंच मनात येतं. देवाच्या अंगावर वाकळ होती, ती सगळ्यांना दिसली. पण जनीची वाकळ गेली, ती रात्रभर कशी राहिली, ही चौकशी कुणी केली नाही. चौकशी झाली ती पदकाची. घरकाम करणाऱ्या बाईवर आजही आळ येतो तो असाच.

आता जुन्या कपड्यांच्या व्यवहाराकडे येऊ. आपल्या गल्लीत जुन्या कपड्यांवर भांडी देणारी येते. कुणी तिला बोहारीण म्हणतात, कुणी भांडेवाली. डोक्यावर टोपलं, खांद्यावर गाठोडं. आपण तिच्याशी घासाघीस करतो. दोन पँटी, तीन साड्या आणि एक शर्ट दिला तरी ती पातेलं देत नाही, डबाच देते. आपल्याला वाटतं, ती फसवते. पण पुढचा हिशेब बघा. ते कपडे तिला निवडावे लागतात, धुवावे, शिवावे, इस्तरी करावे लागतात, तेव्हा ते बाजारात परत उभे राहतात. जे उभे राहत नाहीत ते चिंध्या म्हणून जातात, गाड्या आणि यंत्रं पुसायला. हे काम करणाऱ्या बऱ्याच बाया मूळ गुजरातेतल्या वाघरी समाजातल्या. दिल्लीच्या रघुबीर नगरमध्ये याच समाजाचा जुन्या कपड्यांचा मोठा बाजार पहाटे अंधारात भरतो. ही बाई दारोदार फिरते म्हणून तिच्याकडे संशयाने बघितलं जातं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून भटक्या समाजातल्या पाच माणसांना जमावाने मारलं, हे विसरू नका. दारात आलेल्या बाईला आधी पाणी विचारा, मग घासाघीस करा.

आपल्याकडे थंडीत वाटली जाणारी स्वस्त कंबलं कुठून येतात? त्यांतली खूपशी हरियाणातल्या पानिपतहून. युरोप-अमेरिकेत टाकून दिलेले लोकरीचे कोट, स्वेटर गुजरातच्या कांडला बंदरावर जहाजाने येतात. ते तसेच्या तसे विकता येऊ नयेत म्हणून कापले जातात. पानिपतला बाया बसून त्यांची बटणं, चेन काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रात त्यांचं पुन्हा सूत होतं, सुताची कंबलं. आता तिथंही पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांचा जोर वाढला आहे. त्या बायांवर मेघना गुप्ता यांनी २०१२ मध्ये ‘अनरॅव्हल’ नावाचा माहितीपट केला. चांगले कपडे तिकडचे लोक टाकून का देत असतील, यावर त्या बायांनी तर्क केला की तिकडं पाणी फार महाग असेल, धुण्यापेक्षा टाकणं परवडत असेल! आपल्या मराठवाड्यातल्या बाईलाही दुसरं कारण सुचलं नसतं.

मैत्रिणींनो, जुना कपडा वापरणं यात कमीपणा नाही. आपल्या आयांनी कपडा कधी वाया घालवला नाही. लुगड्याचं जुनेर, जुनेराची वाकळ, बाळाची दुपटी, मग पोतेरं. पण जुना कपडा कोण कुणाला देतं आणि काय म्हणून देतं, यात मोठा फरक आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितलं आहे की, सेवा करणाऱ्या शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत, आणि चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत. म्हणजे जुना कपडा हा कायदा होता, जात ओळखायची खूण होती. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला तो ग्रंथ जाळला गेला. त्याच परिषदेच्या दिवसांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बायांशी वेगळं बोलून लुगडं नेसायची पद्धत बदला, अंगावरचे ते जड दागिने सोडा, म्हणून सांगितलं. पेहरावावरून जात ओळखू येता कामा नये, हा त्यातला मुद्दा होता. तो बायांनी किती मनावर घेतला, हे तुमच्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

अजूनही काही घरांत धुणंभांडी करणारीला दिवाळीला पगाराऐवजी ‘ही घे माझी साडी, दोनदाच नेसलेय’ असं होतं. साडी द्या, जरूर द्या. पण पगार पगाराच्या जागी राहू द्या.

पुण्या-मुंबईत आता जुन्या कपड्यांची फॅशन आहे. आजीची साडी फाडून ड्रेस शिवतात, दुसऱ्याने वापरलेलं जाकीट हौसेने विकत घेतात. त्याला ‘व्हिंटेज’ म्हणतात, ‘थ्रिफ्ट’ म्हणतात. मला त्या मुलींची थट्टा करायची नाही. नवे कपडे कमी घेणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण पालमच्या वसतिगृहातली मुलगी दुसऱ्याचा स्वेटर घालते तेव्हा वर्गात तिला ‘उतरलेलं घालून आली’ असं ऐकावं लागतं. दोघींच्या अंगावर जुनंच आहे. एकीने ते निवडलं, दुसरीला निवडायला काही नव्हतं. आपली मागणी या निवडीची आहे.

दोन वर्षांपूर्वी पूर्णा तालुक्यातल्या एका गावात ब्लँकेट वाटप होतं. संस्थेचं नाव मी घेत नाही. मागे बॅनर, पुढे बायांची रांग. प्रत्येकीने ब्लँकेटचं एक टोक धरायचं, पाहुण्यांनी दुसरं, मग फोटो. एका म्हाताऱ्या मावशींचा फोटो नीट आला नाही म्हणून त्यांना परत उभं केलं. त्या म्हणाल्या, “मला थंडी वाजायली म्हणून आले मी. फोटू काढायला नाही आले.” आणि ब्लँकेट खुर्चीवर ठेवून घरी गेल्या. लोक म्हणाले, म्हातारी माजली. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. घरात दोन वाकळी होत्या, एक पार झिजलेली. मी ब्लँकेटचा विषय काढला नाही. त्यांनीच काढला. “ताई, मजुरी वाढवून दिली असती तं मी बाजारातून माझ्या मनानं आणलं असतं,” म्हणाल्या. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला ‘लाभार्थी’ हा शब्द शिकवतात. मावशींच्या घरातून निघाल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही.

२०१५ च्या हिवाळ्यात इराणमधल्या मशहद शहरात एका भिंतीला खुंट्या ठोकून कपडे अडकवले गेले. नको असेल तर ठेवा, हवं असेल तर न्या. महाराष्ट्रातही पुढे अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ उभी राहिली. त्यात फोटो नाही, रांग नाही. त्यातलं हे घेण्यासारखं आहे.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांवर बाया चारचौघांत बोलत नाहीत. पहिली, साडी आता सुती राहिली नाही. शंभर-दोनशेची साडी पॉलिएस्टरची असते. तिची वाकळ घसरते, ऊब धरत नाही, आणि चुलीपुढे, शेकोटीपुढे ठिणगी पडली तर ती वितळून कातडीला चिकटते. थंडीत शेकताना तरी अंगावर सुती जुनेर ठेवा, पदर खोचून घ्या. दुसरी गोष्ट पाळीच्या कपड्याची. जुनेराचा शेवटचा तुकडा तिथंच जातो. आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कोयते बाहेर पडतात. फडाजवळच्या कोपीत आडोसा नाही, पाणी नाही, कपडा धुऊन उन्हात वाळत घालायची लाज. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली. अंगावरचं दुखणं आणि नसलेलं पाणी यांचा हिशेब वेगळा करता येत नाही.

तर आज इथून जाताना आपण काय ठरवायचं? माझ्या चार सूचना आहेत, त्यांवर चर्चा व्हावी.

एक, ऊसतोड टोळीला उचल ठरते तेव्हाच कोपीत अंथरूण-पांघरूण, पाणी आणि आडोसा यांची जबाबदारी कारखान्याने व मुकादमाने घ्यावी, अशी मागणी ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे लेखी करायची.

दोन, मुलींच्या वसतिगृहांत थंडीआधी नवे स्वेटर मिळावेत. थंडी सरल्यावर नकोत.

तीन, बचत गटांनी आठवडी बाजारात जुन्या कपड्यांचं दुकान लावायचं. कपडे धुऊन, शिवून, टांगून ठेवायचे. किंमत दहा-वीस रुपये का असेना, पण असावी. तिथं आरसा असावा. बाईने दोन अंगाला लावून बघावेत, तिसरा घ्यावा. भांडेवालीलाही त्यात सोबत घ्यायचं. या धंद्यातलं तिला आपल्यापेक्षा जास्त कळतं. वाकळ शिवून द्यायची तर मजुरी आधी ठरवायची.

चार, हे सरकारकडे मागायचं नाही, घरीच करायचं आहे. आज रात्री पांघरुणं मोजा. जाड ब्लँकेट कुणाच्या अंगावर आहे ते बघा, आणि आजची रात्र ते तुम्ही घ्या. घरात कुणी विचारलं तर सांगा, मेळाव्यात ठरलं.

एवढं बोलून थांबते. सावित्रीबाईंना अभिवादन.