ढेप वाढवली, तरी एसएनएफ का लागत नाही?

आज गोठ्यातूनच बोलतोय, मागं रवंथाचा आवाज येईल.

मागच्या हिवाळ्यात आमच्या संकरित गाईचा एसएनएफ 8.2 वर अडकला. हवा 8.5. तेवढ्यासाठी दर कापला जायचा. बाबांनी सरकीची ढेप किलोभर वाढवली. खर्च वाढला, एसएनएफ जागचा हलला नाही.

असं का? एसएनएफ म्हणजे दुधातलं प्रथिन, दुधातली साखर आणि खनिजं. चाऱ्यानं त्यातलं थोडंफार हलतं ते प्रथिन. आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. मणी 20 प्रकारचे. एका प्रकारचा मणी संपला की माळ तिथंच थांबते, बाकीचे ढीगभर असले तरी. दुभत्या गाईत बहुतेक वेळा आधी संपतात ते दोन: लायसिन आणि मेथिओनिन.

आता आपला बुलढाणा बघा. कापूस, सोयाबीन, मका. सरकीच्या ढेपेत लायसिन कमी. त्यातही सरकीतलं गॉसिपॉल गरम होताना लायसिनला चिकटून बसतं. मक्यातही लायसिन कमीच. म्हणजे ढेप आणि मका एवढंच दिलं, तर एकाची कमी दुसरा भरत नाही. सोयाबीनच्या डीओसीत मात्र लायसिन चांगलं. तिथं मेथिओनिन तोकडं पडतं.

पण खरी गंमत कोठीपोटात आहे. गाईला मिळणाऱ्या प्रथिनातलं निम्मं किंवा जास्त तिथले सूक्ष्मजीव बनवतात, आणि त्याची घडण दुधातल्या प्रथिनाच्या बरीच जवळची असते. त्यांना ऊर्जा लागते. आम्ही देत होतो सोयाबीनचं वाळलं कुटार आणि वर ढेप! ढेपेतून अमोनिया सुटला, ऊर्जेअभावी तो वापरला गेला नाही, यकृतात त्याचा युरिया झाला आणि लघवीवाटे गेला. ढेपेचे पैसे नालीत.

एक मित्र म्हणाला, कोंबड्यांची मेथिओनिन पावडर टाक की. अरे, साधी पावडर कोठीपोटातच बहुतेक संपते. गाईला लेप दिलेली, बायपास लागते. ती महाग, आणि आमच्या दहा लिटरच्या गाईला आधी चारा सुधारायची गरज होती.

मग वाढवलेली ढेप बंद केली. मक्याचा भरडा, अर्धा किलो डीओसी आणि हिरवी मका, सगळं आठ-दहा दिवसांत हळूहळू. भरडा एकदम वाढवला तर पोटात आम्ल होतं.

तिसऱ्या आठवड्यात पावतीवर 8.4 आलं. बाबा अजून म्हणतात, थंडी सरली म्हणून.