पाव रेसचा मुलूख



गोंदियाच्या या मंचावर काल संतवाङ्मय झालं, उद्या धानाचे भाव आहेत. मधल्या दिवशी जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा कार्ब्युरेटर, म्हणजे दोन कीर्तनांच्या मध्ये बँडवाल्याला उभं केल्यासारखं झालं. पण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांनी कधी ना कधी आरएक्स शंभरची किक मारली असेल, नाहीतर मारणाऱ्याच्या मागे बसून आमगाव गाठलं असेल. त्यांच्या भरवशावर बोलतो.

यामाहाची ही गाडी आपल्याकडे १९८५ साली आली आणि १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. ९८ सीसीचं इंजिन, ११ अश्वशक्ती, वजन शंभर किलोच्या जेमतेम वर. चिखलात घालायला ती बनवलीच नव्हती. पण हलकी म्हणून आपल्या पोरांनी तिचं पुढचं मडगार्ड उचललं, बटन टायर घातले, मागचं स्प्रॉकेट मोठं केलं आणि तिला शेतातल्या धुऱ्यावर उतरवलं. एवढं झालं की सगळ्यांची नजर कार्बकडे वळते. मिस्त्रीसमोर गाडी लावून पोरगा म्हणतो, “मोठा कार्ब टाकून द्या.” आजचं सगळं भांडण या ‘मोठा’ शब्दाशी आहे.

आधी कार्ब करतो काय ते पाहू. पिस्टन वर चढतो तेव्हा खालच्या क्रँककेसमध्ये पोकळी होते. रीड व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या उघडतात आणि बाहेरची हवा कार्बच्या घशातून आत धावते. घसा अरुंद, म्हणून हवेचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब उतरतो. डॅनियल बर्नोलीने १७३८ साली छापलेलं हे तत्त्व आपल्या चौकातल्या गॅरेजात रोज वापरलं जातं. खालच्या वाटीत पेट्रोल असतं, त्या वाटीवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो. वरचा दाब कमी, खालचा जास्त, म्हणून पेट्रोल जेट नावाच्या बारीक भोकातून वर चढतं. कार्ब पेट्रोल ओढत नाही. हवा ते ढकलते. एवढं ध्यानात ठेवा, नाल्यापाशी पुन्हा लागेल.

आता समजा २० मिलिमीटरचा घसा काढून २८चा बसवला. व्यास आठानेच वाढला, पण तोंडाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. इंजिन ९८ सीसीचंच राहिलं. पूर्ण रेसवर, चढ्या फेऱ्यांना, सरळ डांबरी रस्त्यावर ही गाडी खरंच पळते, नाही म्हणत नाही. पण फेऱ्या कमी असताना त्या रुंद घशात हवा रेंगाळते, दाब पुरेसा उतरत नाही, पेट्रोल उशिरा चढतं. रेस द्यावी तर गाडी आधी गुदमरते आणि मग एकदम उसळते.

आणि आपण गाडी चालवतो कुठे? पुण्याला बालेवाडीत जानेवारी २०२४ मध्ये सुपरक्रॉस लीगची फेरी झाली, तिथे मातीच्या उंच टेकाडांवरून गाड्या उडतात. आपल्याकडे आहे दोन बांध्यांमधला हातभर रुंदीचा धुरा. रोवणीच्या दिवसांत दोन्ही बाजूंना पाणी, समोरून डोक्यावर पऱ्ह्यांच्या जुड्या घेतलेल्या बायका. तिथे गाडी उसळली तर स्वार थेट बांधीत, आणि वर बांधीच्या मालकाच्या शिव्या. सालेकसा-दरेकसाकडच्या मुरमाड चढावर तेच. उन्हाळ्यात तलाव आटतात, त्यांच्या भेगाळलेल्या पोटातूनही तेच. हात पाव रेसवर असतो, फार तर अर्ध्यावर. हा सगळा पाव रेसचा मुलूख आहे.

रेसचा कुठला टप्पा कोण सांभाळतं, हे ठरलेलं आहे. अगदी सुरुवातीला पायलट जेट आणि एअर स्क्रू, जरा पुढे घसा उघडझाप करणाऱ्या स्लाइडच्या खालचा तिरका काप, पाव ते पाऊण त्या स्लाइडला अडकवलेली सुई, आणि पाऊणच्या पुढे मेन जेट. आमची मंडळी बदलतात काय, तर मेन जेट! ज्या खोलीत आपण कधी जातच नाही तिला रंग दिला, आणि बसतो त्या ओसरीचं छप्पर गळतंय. म्हणून धुऱ्यावरच्या गाडीला कार्ब बदलायचाच असेल तर घसा दोन-चार मिलिमीटरच वाढवा, पण स्लाइड चांगली घ्या. जुन्या कार्बमध्ये ती नळकांड्यासारखी गोल असते. चपटी किंवा डी आकाराची स्लाइड थोड्या उघडझापीतही हवेला नीट वाट देते आणि हाताला लगेच जबाब मिळतो. मग सुईची क्लिप एकेक खाच वरखाली करून त्याच धुऱ्यावर ट्रायल मारा.

जेटवरच्या आकड्यांचा एक घोळ मी स्वतः घालून बसलो आहे. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास सांगतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मिकुनी कंपनीच्या षटकोनी जेटवरचा आकडा प्रवाहाचा. म्हणजे दोन्ही शंभर नंबरचे जेट, पण दोन वेगळी भोकं. नकली मालात तर आकडा हा निव्वळ अलंकार असतो.

खरी गोष्ट मात्र हवेची आहे, आणि तिथे गोंदिया साऱ्या महाराष्ट्राला शिकवू शकतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५च्या आसपास जातो. डिसेंबर-जानेवारीत विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून पेपरात पुष्कळदा आपलंच नाव येतं, सात-आठ अंश. आठ अंशांची हवा ४५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १३ टक्के दाट असते. कार्ब तेवढ्याच घशातून तेवढीच हवा घेतो, पण ती जड असते. त्या प्रमाणात पेट्रोल मात्र सहा-साडेसहा टक्केच वाढतं. मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण तापतं, आणि टू-स्ट्रोकच्या पिस्टनला थंडावा देणारं पेट्रोलही कमी पोचतं. सगळे समजतात गाडी उन्हाळ्यात सीझ होते. माझी झाली डिसेंबरात, पहाटे, देवरीच्या रस्त्याला, स्वेटर-कानटोपी घालून. मे महिन्यात मीच हौसेने जेट बारीक करून ठेवला होता, तेव्हा गाडी काय गोड चालायची! मिस्त्रीने सिलिंडर उघडला, पिस्टनवरचे उभे ओरखडे दाखवले आणि म्हणाला, “साहेब, गाडीले बी थंडी वाजते.” त्याच्या डबीत तेव्हापासून माझे दोन जेट असतात. एकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे, तो दिवाळीनंतरचा.

यात आता इथेनॉलची भर पडली. साध्या पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला साधारण साडेतेराच. म्हणजे जुन्याच जेटवर मिश्रण आणखी पातळ. शिवाय इथेनॉल पाणी धरतं, जुनं रबर फुगवतं. गंमत अशी की हे इथेनॉल उसाबरोबर तांदळाच्या कणीपासूनही होतं. जिल्हाभर भातगिरण्या, कणी आपल्याच दारची, आणि खोकला आपल्याच आरएक्सला.

आता नाला. कार्बच्या वाटीला श्वासासाठी बारीक नळ्या असतात आणि त्या सरळ खाली लोंबतात. गाडी नाल्यात घातली, पाणी इंजिनाच्या कमरेपर्यंत आलं, की नळ्यांची तोंडं बुडतात. वाटीवर हवेचा दाब पोचत नाही. पेट्रोल ढकलणारंच कोणी उरत नाही, आणि गाडी नेमकी मधोमध बंद पडते. लोक म्हणतात प्लग भिजला. प्लग बिचारा कोरडाठाक असतो! उपाय फार थोड्या पैशांचा आहे. नळीला टी जोड लावायचा, एक टोक खाली राहू द्यायचं आणि दुसरं टाकीखाली वर न्यायचं. हजारो रुपयांच्या कार्बपेक्षा ही हातभर नळी पावसाळ्यात जास्त कामाची आहे. तसंच कार्ब आणि इंजिन यांच्यामधलं रबर. त्याला बारीक चीर गेली तर तिथून चोरटी हवा शिरते आणि मग तुम्ही आयुष्यभर जेट बदलत बसा. गाडी चालू ठेवून रबरावर साबणाचं पाणी टाका. रेस हलली तर चोर सापडला. आणि कार्ब बदलताना तेलाच्या पंपाची केबल विसरू नका, तीही रेसच्याच मुठीला बांधलेली असते. ती नीट बसली नाही की पिस्टन तेलावाचून राहतो.

तिकडे जग पुढे गेलंच आहे. केटीएम कंपनीने २०१७ साली टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाडीत इंजेक्शन आणलं. हवा मोजून पेट्रोल सोडणारा संगणकच. पुण्याच्या बजाजने त्या कंपनीत २००७ साली भागीदारी घेतली होती, म्हणून ही बातमी मला जरा घरच्यासारखी वाटली. तिथे लाल ठिपक्याचा जेट लागत नाही. पण तो संगणक नवेगावबांधच्या पुढे बिघडला तर उघडायला कोण येणार, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

दोन तंब्या देतो, कारण समोर पोलीस खात्यातले एक श्रोते बसले आहेत. नोंदणीपुस्तकातले तपशील बदलतील असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ला चालत नाही. आणि नवेगाव-नागझिरा २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथल्या वाटा आपल्या ट्रायलसाठी नाहीत. टू-स्ट्रोकच्या पोकळ सायलेंसरची बोंब तर जंगलाबाहेरही नको, आमच्या गल्लीत तर नकोच.

संयोजकांनी घड्याळ दाखवलं. गाडी बाहेर पिंपळाखाली उभी आहे. नळ्या कुठून वर नेल्या ते ज्यांना पाहायचं आहे त्यांनी यावं. हात लावून बघा, क्लिप कितव्या खाचेत आहे ते विचारा. किक मात्र मीच मारीन.