कौन्सिलातील वेळ आणि गोखले

कोणत्याही विधिमंडळात मतदानाच्या आधी एक पायरी असते. कोणता विषय सभागृहापुढे यावा, कोणत्या दिवशी यावा आणि त्यास किती वेळ मिळावा, हे ठरावे लागते. ज्याच्या हाती कार्यक्रमपत्रिका, त्याच्या हाती निम्मे राज्य, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. परकी सत्तेच्या काळात ही पत्रिका सर्वस्वी सरकारच्या ताब्यात असताना तीत लोकांच्या प्रश्नांना जागा कशी करून घ्यावी, याचा वस्तुपाठ नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्यास घालून दिला.

त्या वेळी कलकत्ता ही हिंदुस्थानची राजधानी होती. हिवाळ्यात व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलाच्या बैठका तेथील गव्हर्नमेंट हाऊसमध्ये भरत. १८६१ च्या कायद्याने या कौन्सिलास पुढे आलेल्या विधेयकापलीकडे कशाचाही विचार करण्याची मुभा ठेवली नव्हती. १८९२ च्या कायद्याने दोन कवाडे किलकिली झाली. सभासदांस प्रश्न विचारता येऊ लागले आणि वार्षिक अंदाजपत्रकावर बोलता येऊ लागले. मात्र उत्तर अपुरे वाटले तरी उपप्रश्नास वाव नव्हता आणि अंदाजपत्रकावर मतदान नव्हते.

एवढ्याशा जागेचा गोखल्यांनी पुरेपूर उपयोग केला. २६ मार्च १९०२ रोजी, लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय असताना, अंदाजपत्रकावरील त्यांचे पहिले भाषण झाले. सरकारी तिजोरीत शिल्लक पडत होती आणि ती सुबत्तेची खूण मानली जात होती. सरकारचेच आकडे घेऊन गोखल्यांनी दाखविले की, दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा अधिक कर घेतल्यामुळे ही शिल्लक पडते. मिठावरील कर कमी करावा, ही मागणी त्यांनी पुढेही लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला हा कर १९०३ मध्ये दोन, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आला. हे सारे एकट्या वक्त्याचे फळ नव्हे; परंतु जेथे मतास अवकाश नव्हता, तेथेही हिशेब मागणारा कोणी तरी आहे, याचे भान सरकारास ठेवावे लागले.

१९०९ च्या कायद्याने सार्वजनिक हिताच्या विषयावर ठराव मांडण्याचा हक्क आला. ठराव म्हणजे केवळ शिफारस; तो संमत झाला तरी सरकारावर बंधनकारक नव्हता, आणि अध्यक्ष कारण न देता तो नाकारू शकत. तरीही २५ फेब्रुवारी १९१० रोजी गोखल्यांनी नाताळ वसाहतीसाठी करारबद्ध मजुरांची भरती बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारने तो स्वीकारला, कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जुलै १९११ पासून ती भरती थांबली.

प्राथमिक शिक्षणाच्या बाबतीत मात्र वाट बिकट होती. मार्च १९१० मध्ये मांडलेला ठराव सरकारने आश्वासन दिल्यावर त्यांनी मागे घेतला. आश्वासनाने समाधान न झाल्यामुळे १६ मार्च १९११ रोजी त्यांनी स्वतःचे विधेयकच सादर केले. ते अत्यंत सौम्य होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती करण्याचा अधिकार नगरपालिकांना आणि जिल्हा बोर्डांना मिळावा, तोही सरकारच्या संमतीने. आणि दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांना फी माफ असावी, एवढेच त्यात होते. वर्षभर मते मागविण्यात आली. १८ व १९ मार्च १९१२ रोजी चर्चा झाली आणि १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. विरोधकांत काही बिनसरकारी सभासदही होते. त्याच वर्षी राजधानी दिल्लीस गेली, आणि १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले.

मग त्या दोन दिवसांतून काय साधले? विषय सरकारी दप्तरातून सभागृहात आला, प्रांतोप्रांतीची मते छापून निघाली आणि विरोधकांना आपली कारणे उघडपणे सांगावी लागली. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबईच्या कौन्सिलात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा संमत करून घेतला. साऱ्या देशासाठी सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचा शिक्षणाचा हक्क कायद्यात येण्यास मात्र २००९ साल उजाडावे लागले.

आज लोकसभेत प्रश्नोत्तरांना रोज एक तास राखलेला आहे आणि खासगी सभासदांच्या कामकाजासाठी शुक्रवारचे अडीच तास आहेत. स्वातंत्र्यानंतर खासगी सभासदांची अवघी १४ विधेयके कायदा झाली. १९७० नंतर एकही नाही. म्हणून ते अडीच तास निरर्थक ठरत नाहीत. पराभूत विधेयकही पुढच्या पिढीसाठी विषय नोंदवून ठेवते. मात्र गोंधळात बुडालेला प्रश्नोत्तरांचा तास असे काहीच मागे ठेवीत नाही. त्यात उत्तर देणाऱ्याची सुटका होते आणि नुकसान होते ते ज्याच्या वतीने प्रश्न विचारला जाणार होता, त्या नागरिकाचे. गोखल्यांना वर्षाकाठी जे मोजके तास मिळत, त्यांतील एकही त्यांनी तयारीवाचून दवडला नाही. मताधिकार लाभलेल्या प्रतिनिधींनी त्यांच्यापासून घ्यावयाचा धडा हाच आहे.