रहिवासाचा दाखला

[नभोवाणीवरून केलेलें भाषण]



शहरांत नव्यानें आलेल्या मनुष्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो ‘आपण कोठें राहतां?’ हा होय. खेड्यांत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. कारण तेथें प्रत्येकाचें घर प्रत्येकास ठाऊक असतें. मुंबईसारख्या शहरांत मात्र याचें उत्तर तोंडानें देऊन भागत नाहीं. तें कागदावर द्यावें लागतें. ज्याच्यापाशीं तो कागद नाहीं तो मनुष्य एका खोलींत वीस वर्षें राहत असला, तरी कचेरीच्या खिडकीशीं उभा राहिला म्हणजे तो कोठेंच राहत नसतो. या कागदाविषयीं, आणि त्याच्याशीं आपणां शेजाऱ्यांचा काय संबंध आहे याविषयीं, आज मी थोडें बोलणार आहें.

मुंबईचा रहिवास मूळचाच दाटीचा. १८९६ सालीं येथें प्लेग आला, तेव्हां कोंदट वस्तीचा प्रश्न सर्वांच्या डोळ्यांपुढें आला, आणि १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें १९२० नंतरच्या वर्षांत वरळी, नायगांव, शिवडी आणि डिलाईल रोड येथें सरकारनें बी. डी. डी. चाळी बांधल्या. त्या चाळी २०७, आणि त्यांतील एकेक खोली सुमारें १६० चौरस फुटांची. अशा खोलींत धनी, त्याची बायकामुलें, कामधंद्यासाठीं गांवाहून आलेला भाऊ, शिकावयास आलेला भाचा, अशीं सर्व माणसें राहत. भाड्याची पावती मात्र एकाच्याच नांवाची. पावतीवर एक नांव आणि खोलींत दहा माणसें, हें या शहराचें जुनें दुखणें आहे. रहिवासाच्या पुराव्याच्या बहुतेक तक्रारी त्यांतूनच निघतात.

१९४३ सालीं, युद्धाच्या काळांत, मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें आणि घरोघर कार्डें आलीं. कार्ड होतें धान्यासाठीं. पण त्यावर कुटुंबांतील प्रत्येकाचें नांव आणि घराचा पत्ता असल्यामुळें तें हळूहळू रहिवासाचा पुरावाच होऊन बसलें. शाळेंत, बँकेंत, गॅसच्या दुकानांत, जेथें तेथें ‘रेशनकार्ड आणा’ हीच भाषा झाली. केंद्र सरकारच्या २०१५ च्या आदेशांत मात्र शिधापत्रिका ही ओळखीचा किंवा रहिवासाचा पुरावा म्हणून वापरूं नये, असें म्हटलें आहे. त्यापूर्वींच, म्हणजे २०१० सालीं, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवीं पहिलें आधार दिलें गेलें. आणि लोकांस वाटलें, आतां एकच कागद पुरे. परंतु २०१६ च्या आधार कायद्यांतच लिहिलें आहे कीं, आधार क्रमांक हा स्वतः नागरिकत्वाचा अथवा अधिवासाचा पुरावा नव्हे. तात्पर्य, एक कागद हातीं आला तरी दुसऱ्याची गरज संपत नाहीं.

अधिवासाच्या दाखल्याचेंच पाहा. महाराष्ट्रांत तो मिळण्यास सामान्यतः पंधरा वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. वास्तविक १९८४ सालीं डॉ. प्रदीप जैन यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, भारतांत अधिवास एकच, तो म्हणजे भारताचा. राज्यापुरता जो असतो तो रहिवास. पण दाखल्याचें नांव रूढ झालें तें झालेंच. नांव कांहींहि असो, पंधरा वर्षें दाखवावयाचीं कशीं, हा खरा प्रश्न आहे. ज्याचें स्वतःचें घर आहे त्यास तें सोपें जातें. जो भाड्यानें राहतो, आणि दर अकरा महिन्यांनीं ज्याचें बिऱ्हाड हलतें, त्याचीं पंधरा वर्षें पंधरा घरांत विखुरलेलीं असतात.

मी जन्मभर मास्तरकी केली. शाळेचें जनरल रजिस्टर पुष्कळ वर्षें माझ्या हातीं होतें. शाळा सोडून पंचवीस-तीस वर्षें झालेले विद्यार्थी केस पिकल्यावर पुनः शाळेंत येत, आणि ‘गुरुजी, माझें नांव त्या वहींत असेल ना?’ असें विचारीत. त्यांच्या वडिलांच्या पावत्या हरवलेल्या, चाळ पाडलेली, घरमालक वारलेला; राहिलेली असे ती शाळेच्या वहींतील एक ओळ. त्या ओळीच्या आधारावर कोणाला नोकरी मिळाली, कोणाच्या मुलाला महाविद्यालयांत प्रवेश मिळाला. तेव्हांपासून मला असें वाटत आलें आहे कीं, रहिवास ही आधीं घडलेली गोष्ट आहे. कागद ही तिची साक्ष आहे. आणि साक्ष देण्यास कोणीतरी साक्षीदार लागतो.

आतां भाडेकरूचा पहिला साक्षीदार कोण? अर्थात् घरमालक. पण पुष्कळ घरमालक भाडें रोख घेतात आणि करार नोंदवीत नाहींत. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाहीं, असा एक समज सर्वत्र आहे. महाराष्ट्रापुरता तो खरा नाहीं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें असा करार लेखी असला पाहिजे व तो नोंदविला पाहिजे, मग मुदत कितीहि असो. ही जबाबदारी घरमालकाची आहे, आणि ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊं शकतात. करार नोंदविलेला नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें खरें धरलें जातें, जोंवर त्याविरुद्ध सिद्ध होत नाहीं तोंवर. थोडा कर किंवा थोडें शुल्क वांचविण्यासाठीं जो घरमालक करार नोंदवीत नाहीं, तो आपल्या भाडेकरूच्या आयुष्यांतील एक वर्ष पुसून टाकतो, हें त्याच्या ध्यानींहि येत नाहीं.

दुसरे साक्षीदार आपण, शेजारी. माझ्या ओळखीच्या एका चाळींतील हकीकत सांगतों. एक विधवा बाई आपल्या भावाकडे कित्येक वर्षें राहत होत्या. खोली भावाच्या नांवावर. बाईंचें नांव कार्डावर नव्हतें. तें सासरच्या गांवींच राहिलें होतें. भाऊ वारला, आणि घरमालकानें ‘तुम्ही येथें राहतां याला आधार काय?’ असें विचारलें. भाडेकरूच्या मृत्यूच्या वेळीं त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयास भाडेकरूचा हक्क मिळतो, असा कायदा आहे. परंतु ‘बरोबर राहत होतें’ हें सांगणार कोण? मजल्यावरील कांहीं मंडळी घरमालकाशीं वांकडें नको म्हणून गप्प बसलीं. शेवटीं समोरच्या खोलींतील एक वृद्ध गिरणीकामगार आणि नळावर रोज भेटणाऱ्या एक बाई पुढें झाल्या आणि त्यांनीं पाहिलें तेवढें लिहून दिलें. भावाच्या आजारांत इस्पितळाच्या कागदावर बहिणीची सही होती व पत्ता त्याच खोलीचा होता, तोहि कागद सांपडला. पावती बाईंच्या नांवानें झाली. दोन माणसांनीं खरें बोलण्याचें मनावर घेतलें नसतें, तर साठी उलटलेली ती बाई कोठें गेली असती, याचा आपणच विचार करा.

कायदासुद्धां कित्येकदां कागदापेक्षां डोळ्यांवर विश्वास ठेवतो. मतदारयादीसाठीं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यांत मनुष्य ‘सामान्यतः’ कोठें राहतो हें पाहिलें जातें. नुसतें घर मालकीचें असलें म्हणून तो तेथील रहिवासी ठरत नाहीं, आणि कांहीं काळ परगांवीं गेला म्हणून त्याचा रहिवास जातहि नाहीं. ज्यांना घरच नाहीं, जे पदपथावर निजतात, त्यांच्याकडे कागद न मागतां अधिकाऱ्यानें रात्रीं त्या जागीं जाऊन ते खरोखर तेथें निजतात काय हें पाहावें, अशी निवडणूक आयोगाची पद्धत आहे. सरकारनें उघड्यावर निजणाऱ्याची अशी दखल घ्यावी, आणि आपण भिंतीपलीकडच्या माणसास ओळखूं नये, हें शोभत नाहीं.

साक्ष द्यावयाची ती मात्र खरी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यान्वयें खासगी शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठीं असतात, आणि प्रवेश देतांना घर शाळेपासून किती अंतरावर आहे हें पाहिलें जातें. अशा वेळीं सुखवस्तु मनुष्य एखाद्या नातलगाचा पत्ता लावून अर्ज करतो आणि आपण ओळखीखातर मान डोलावतो. ती जागा कोणा खऱ्या शेजाऱ्याच्या मुलाची असते. भिडेपोटीं खोटें सांगणें आणि भीतीपोटीं खरें न सांगणें, दोहोंचा परिणाम एकच.

अर्ज करणारांसहि दोन शब्द सांगतों. कागद लागेल त्या दिवशीं तो शोधूं नये. भाड्याची पावती, विजेचें बिल, मुलांचे शाळेचे दाखले वर्षवार एका पिशवींत ठेवावे. नांवाचें लेखन सर्व कागदांवर एकच आहे ना, तें पाहावें. घर बदललें कीं मतदारयादीसाठीं नमुना ८ भरावा, आणि नव्या मतदारानें नमुना ६. मुंबईंत शहर व उपनगर असे दोन जिल्हे १९९० पासून निरनिराळे आहेत. आपलें घर कोणत्या जिल्ह्यांत येतें याची खात्री करून मगच अर्ज द्यावा. अर्ज दिल्यावर पोंच मागावी. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमानें सेवेची मुदत ठरलेली असते. ती टळली किंवा अर्ज नाकारला गेला तर अपील करतां येतें, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हात जोडून परत येण्याचें कारण नाहीं.

पण हें सर्व ज्याला वाचतां येतें त्याच्यासाठीं. आपल्या जिन्यावर, आपल्या मजल्यावर असें कोणी तरी असतें कीं ज्याला अर्जांतील रकाने समजत नाहींत आणि विचारण्याची लाज वाटते. आम्हां निवृत्त माणसांजवळ वेळ आहे, चष्मा आहे, अक्षर बरें आहे. येत्या रविवारीं एक तासभर शेजारच्या दाराशीं जाऊन, घरांतील सर्वांचीं नांवें मतदारयादींत आणि कार्डावर आहेत काय, एवढें विचारून पाहावें. नसलेलें एखादें नांव निघालें, तर त्यासाठींचा अर्ज लिहावयास तेथेंच बसावें.